घोंगडी आत, ती बाहेर

“ए म्हातारे, माझे बूट कुठं गेले?”

बाहेर कोणतरी वरडत होतं. मी देवळात आत होतो, खंडोबाच्या समोर, खांबाला पाठ लावून. ढोल थांबला होता म्हणून ऐकू आलं.

“इथंच काढले होते. नवे होते. तुला सांगून गेलो ना, लक्ष ठेव म्हणून?”

मग माझ्या बायकोचा आवाज. बारीक.

“ठेवलं होतं दादा. गर्दी लई हाय. कोणी नेलं दिसलं नाय.”

“मग इथं बसून करतेस काय? ऊठ. शोध.”

“उठता आलं असतं,” ती म्हणली, “तर इथं चपलांत कशाला बसले असते बाबा?”

कोणतरी हसलं. तिच्या बोलण्याला हसलं का तिला हसलं, ते मला अजून कळलं नाय. पण ते हसणं माझ्या कानातनं जात नाय. जेवताना येतं. मेंढरू पाजताना येतं. मी उठतो, चकरा मारतो, परत बसतो. बायको म्हणते, “अवं, जिमीन झिजंल.” झिजू दे.

माझी बायको चपला राखायला आली नव्हती. ती देवाशी बोलायला आली होती.

आमचं गाव शेंद्र्याच्या पलीकडं. आम्ही मेंढरं राखणारे. माझा बाप, त्याचा बाप, सगळे मेंढरामागं चालून मेले. मी शाळेत थोडाच बसलो. अक्षरं आली ती दुकानांच्या पाट्या वाचून. नंतर रानात कंपन्या आल्या. तारा आल्या. ज्यांच्या नावावर रान होतं त्यांच्या दारात गाड्या लागल्या. आमच्या नावावर काय नव्हतं. आम्ही नुसते चालत होतो त्याच्यावर. चालणाऱ्याला कोणी विचारत नाय. कळप विकला. चार शेळ्या-मेंढ्या ठेवल्या, त्या सवयीपायी.

त्या चार जितराबांसाठीच बायको बाभळीवर चढली होती, शेंगा पाडायला. फांदी मोडली. खाली पडली तवा पहिलं काय विचारलं? “कोणतं कोकरू दबलं नाय ना?” मग म्हणली, “माझे पाय कुठायत?” पाय जागेवरच होते. तिला ते कळत नव्हते.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मणका गेला म्हणले. कमरेखालचं परत येणार नाय म्हणले. लघवीला नळी लावली, नळीला थैली. तिथल्या सिस्टरनं मला बसवून शिकवलं. थैली कशी रिकामी करायची. कमरेच्या खालीच का ठेवायची, वर धरली तर घाण उलटी फिरते. कूस कधी बदलायची, पाठ कुठं लाल होते ते कसं बघायचं. सून शिकाया तयार होती, पण ती बी पोरासंगं कंपनीत जाते. अन् बायकोच म्हणली, “दुसऱ्याचा हात नको. ह्यांचाच.”

तवापासून हाच हात.

मी तिला धुतो. वेणी घालतो. पयल्यांदा घातली तवा ती आरशात बघून म्हणली, “ही वेणी हाय का दावं?” आता बरी येते. लुगडं नेसवतो. पारावरच्या गड्यांना हे माहीत झालं अन् त्यांना करमणूक मिळाली.

“काय मामा, झालं का धुणं-भांडं?”

“मामा, पुढच्या जन्मी बाईचा जन्म मागा. सराव तर झालाच हाय.”

मी ऐकून घेत नाय कोणाचं. एकाला म्हणलं, “तुझी आई पडून होती तवा तुझ्या बापानं काय केलं? दारात खोकत बसला अन् लेकी राबवल्या. तसला गडीपणा तुलाच ठेव.” तवापासून तो माझ्याशी बोलत नाय. न बोलंना का.

गड्यांचं मी झेललं. झेपलं नाय ते दुसरंच. घरी येणारी बाया-माणसं बसायची, च्या प्यायची अन् उसासा टाकायची. “मागच्या जन्मीचं कायतरी असंल बिचारीचं.” मग माझ्याकडं बघून, “तुम्हाला मातर लई पुण्य लागतंय बरं का.” तिच्यासमोर. तिच्या खाटंवर बसून.

पाप तिचं अन् पुण्य मला. म्हणजे तिच्या मणक्यावर माझा स्वर्ग बांधायचा. असलं पुण्य मला नको. कुत्र्याला घाला.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. तीच सांगायला हे लिहितोय.

मेंढरं होती तवा पहाटं वाघर उघडताना मी येळकोट म्हणायचो. वाघर म्हणजे मेंढरांभवतीचं जाळं. मोठ्यांदा म्हणायचो, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं. मेंढरं त्या आवाजालाच उठायची. दुसरी पूजा मला येत नाय. पोथी नाय, माळ नाय, उपास जमत नाय. ती एक हाक. बापानं दिलेली.

आता पहाटं थैली रिकामी करतो. तोंड उघडायचो येळकोट म्हणायला, अन् वाटायचं, हातात हे असताना देवाचं नाव कसं घ्यावं? आंघोळ करून घेऊ. आंघोळीला जावं तर तिची कूस बदलायची येळ. कूस बदलली की चूल. चूल झाली की ऊन वर. असं करता करता हाक सुटली. कोणी हिसकावली नाय. मीच बाजूला ठेवली, हात साफ झाले की घेऊ म्हणून. अन् हात काय कधी साफ झाले नायत.

हाक गेली तशी झोप गेली. जिवाला कसलीतरी वळवळ लागली. बसलं की उठावं वाटायचं, उठलं की कुठं जावं कळंना. पोरानं वळखलं. त्याला कोणीतरी सांगितलं, शहरात एक मेळावा हाय, घरात अपंग माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी. मनाला शांती देतेत म्हणले. मी म्हणलं, शांती काय वाटायची वस्तू हाय का? तरी त्यानं मोटारसायकलवर बसवून नेलं.

मोठा हॉल होता. पंखे. खुर्च्या. शंभर घरची बेजार माणसं, बायाच जास्त. एक ताई माईकवर म्हणल्या, डोळे मिटा, श्वास आत घ्या, तुमच्या आवडीची शांत जागा बघा. मी मिटले. मला वाघर दिसली, भोवती मेंढरं, अन् मग वाटलं, शेजारीण तिची कूस बदलंल का विसरंल? उघडले डोळे. इकडंतिकडं बघितलं. निम्म्यांचे डोळे उघडेच होते. एकमेकांकडं बघून आम्ही हसलो. त्या दिवशीची शांती तेवढीच.

पण मग ती ताई खाली उतरून एकेकापाशी बसली. माझ्यापाशी बी बसली. म्हणली, “बाबा, तुम्हाला देवाचा राग येतो का?”

मी म्हणलं, “नाय.”

असं कोणी विचारलं नव्हतं मला. सगळे सांगत होते देव काय करतो ते. मला देवाचं काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. नाय म्हणलो खरं, पण घरापर्यंत मोटारसायकलवर मला धड बसवंना. पोरगं म्हणलं, “बा, हलू नका, गाडी जाईल.”

घरी आलो अन् बायकोला तेच विचारलं. “तुला देवाचा राग येतो का गं?”

ती चातीवर लोकर कातत बसली होती. कंबर गेली, पण तिचे हात थांबले नायत. चाती गरगर फिरवत म्हणली, “राग कशाचा? मला त्याला एक गोष्ट विचारायचीय.”

“काय?”

“तुम्हाला कशाला सांगू? त्यालाच विचारीन. तोंडावर. मला एकदा आत न्या.”

बस. तेवढंच तिचं मागणं. पडल्यापासून तिनं काय मागितलं नव्हतं. पाणी बी मागायची नाय, मीच वळखायचो. पहिल्यांदा मागितलं अन् मागितलं काय, तर गावच्या देवळात जायचं.

आता देवळाचा रिवाज सांगतो. चंपाषष्ठीला आमच्या गावात खंडोबाची जत्रा असते. त्या दिवशी देवापुढं तळी उचलतेत. तळी म्हणजे ताट. त्यात भंडारा, खोबरं, पान-सुपारी. पाच गडी ते ताट धरतेत, येळकोट म्हणत कपाळापर्यंत उचलतेत, अन् खाली ठेवतेत. ताट उघड्या जमिनीवर ठेवत नायत. खाली घोंगडी लागते. ती घोंगडी आमच्या घरची. आजाच्या आधीपासनंचा मान. आमच्या मेंढराची लोकर, आमच्या घरच्या बाईनं कातलेलं सूत. ती घोंगडी मी अंथरायची अन् पाचातला एक हात माझा.

त्या वर्षी नवी घोंगडी होती. तिचं सूत बायकोनं खाटंवर कातलं होतं. लुळे पाय लांब करून, भिंतीला पाठ लावून.

दुसरा रिवाज. आमच्यात लगीन झालं की जोडपं खंडोबाला जातं. नवऱ्यानं नवरीला उचलायचं अन् पाच पायऱ्या चढायच्या. मी बी चढलो होतो. ती तवा लहानशी होती, करडावानी. माझ्या कानात म्हणली होती, “टाकलं तर माहेराला जाईन.” टाकलं नाय.

जत्रंदिवशी पोराला कंपनीत पाळीवर जायचं होतं. शेजाऱ्याच्या रिक्षातनं तिला नेलं. चाकाची खुर्ची हाय, पण तिचं चाक आमच्या गल्लीच्या दगडात वाकलं. मी म्हणलं, खुर्ची कशाला, मी हाय ना. पायऱ्यांपाशी तिला पाठीवर घेतलं. खांद्यावर घोंगडी. थैली माझ्या मांडीपाशी लोंबत होती, वर धरता येत नाय म्हणून.

मेलेले पाय जिवंत पायांपेक्षा जड असतेत. हे उचलल्याबिगर कळत नाय.

पहिली पायरी चढलो अन् लोकांनी बघितलं. त्यांना वाटलं, म्हातारा लग्नाचा रिवाज परत करतोय. हौस हाय म्हणून. शिट्ट्या झाल्या.

“आरं बघा, म्हातारा नवरदेव!”

“मामी, नाव घ्या की! नाव घेतल्याबिगर आत सोडणार नाय!”

भंडारा उधळला आमच्यावर. मोबाईल वर झाले. ढोलवाला बी चेकाळला. बायको माझ्या मानंपाशी हसत होती. खरं सांगतो, लई दिसांनी ती तशी हसली. मला म्हणली, “टाकलं तर माहेराला जाईन.” म्हातारपणी. पाठीवरनं. मला दम लागला होता, तरी मी हसलो. तिसरी पायरी आली. मला वाटलं, झालं, पोचलो. मी तोंड उघडलं. हाक येत होती. आतनं वर येत होती.

अन् एक बाई किंचाळली. “अगं बाई, ते काय लोंबतंय?”

ढोल बंद. शिट्टी बंद. जे जवळ आले होते ते मागं सरले. लुगडी सावरली. एकानं नाकाला रुमाल लावला. वास येत नव्हता. मी थैली धुऊन आणली होती. नाक बघूनच धरलं.

भंडारा पिवळा. थैलीतलं बी पिवळं. एकाला कपाळाला लावतेत, एकाला बघून पळतेत.

वरनं अण्णा आला. अण्णा म्हणजे देवळाचा मुखिया. आमचं चरायचं रान ज्यांच्या नावावर होतं, त्या घरचा. देवळाला संगमरवर त्यानंच घातला. माझ्यापेक्षा लई लहान. पोरसवदा होता तवा मेंढ्यावर बसायचा हट्ट करायचा अन् मीच बसवायचो. आता पांढरे कपडे, गळ्यात रेशमी उपरणं. बोलणं मधासारखं.

“मामा, कशाला एवढा त्रास? मामींना इथं सावलीत बसवू. देव काय, भाव बघतो.”

“तिला आत जायचंय.”

“व्हय, पण बाया उपास करून आल्यात. उद्या सांडलं-बिंडलं तर? फरशी नवी हाय.”

“सांडत नाय. मी रोज सांभाळतो.”

“तुमच्यावर इसवास हाय मामा. लोकांचं बघावं लागतं.” मग तिला म्हणला, “मामी, तुमचं दर्शन इथनंच झालं समजा. पाहिजे तर आतनं मोबाईलवर दाखवतो.”

ती माझ्या पाठीवर होती. तिचं हसू थांबल्यालं मला मानंवर कळलं. श्वास बदलला.

मी हललो नाय. तिसऱ्या पायरीवर उभा. तीच कानात म्हणली, “उतरवा. तुमी पडाल. अन् जावा आत. मान घरचा हाय. घोंगडीबिगर तळी कशी उचलतील?”

तिचा शब्द म्हणून उतरवली. दोघा पोरांनी पोतं टाकलं, लिंबाखाली, जिथं सगळ्यांच्या चपला असतात तिथं. भिंतीला टेकवून तिला बसवली. लुगड्यानं पाय झाकले, थैली झाकली. झाकल्यावर ती चार बायांसारखी बाई दिसायला लागली. म्हणूनच येणारा-जाणारा तिला म्हणू लागला, “मावशी, बघा बरं का चपलांकडं.” हे मला मागनं कळलं.

मी आत गेलो. तिच्या सुताची घोंगडी अंथरली. ताट ठेवलं. दरसालासारखा ताटाला हात लावायला वाकलो, तर अण्णानं माझं मनगट धरलं. वरनं, बाहीवर. कातडीला लागू न देता.

“ह्या वर्षी तुम्ही राहू द्या मामा. लोकं बोलतेत. तुमचे हात…”

तो पुढचं बोलला नाय. मोठी माणसं अर्धंच बोलतेत. उरलेलं बोलायला त्यांच्या मागं कोणतरी असतंच. मागनं आवाज आला, “मुताचे हात तळीला नकोत.”

माझ्या जागी अण्णाचा मेव्हणा आला. शहरातनं पाहुणा आलेला. मी खांबापाशी सरकलो. अन् मी हाताकडं बघितलं. खरं सांगू? मला वाटलं, बरोबर हाय. मी तरी दुसरं काय करत होतो? मी बी पहाटं ह्या हातांना हेच म्हणत होतो. अण्णानं मला जे तोंडावर सांगितलं ते मी मला रोज गुपचूप सांगत होतो. माझी हाक मी ह्याच पायी बंद केली होती.

तवाच बाहेरनं ते आलं. “ए म्हातारे, माझे बूट कुठं गेले?”

अन् तिचं उत्तर. अन् ते हसणं.

माझ्या डोक्यात कायतरी फिरलं. आमच्या देवाची एक गोष्ट हाय, ती आमच्या लेकरालेकराला माहीत हाय. खंडोबाचं मन बाणाईवर बसलं. ती मेंढरं राखणाऱ्याची लेक. तिच्यासाठी देव म्हातारा झाला, गडी होऊन तिच्या बापाघरी राहिला. मेंढरं राखली. मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या झाडल्या. हातानं. देवानं. जिच्यावर जीव हाय तिच्या दारची घाण काढली. अन् तेच त्याचं देवपण, त्यापायीच आम्ही त्याला आमचा म्हणतो.

मग मी काय वेगळं करतोय?

मला हसू आलं. राग बी आला. दोन्ही एकदम.

पाच गड्यांनी तळी धरली होती. अण्णा, मेव्हणा, अजून तिघं. येळकोट येळकोट म्हणत उचलली. एकदा. खाली. दुसऱ्यांदा. खाली. तिसऱ्यांदा कपाळापर्यंत गेली, अन् मी पुढं झालो, वाकलो, अन् घोंगडीचं टोक धरून ओढली. सरळ. पाचांच्या मधनं.

खाली नुसता संगमरवर. वर पाच हातांत ताट.

कोणाला कळंना काय झालं. उचललेली तळी जमिनीवर ठेवता येत नाय. हात सोडता येत नाय. पाची जण तसेच, ताट कपाळाशी धरून, एकमेकांकडं बघत.

“मामा, घोंगडी टाका,” अण्णा म्हणला. अजून मधानंच.

“ती आत आल्यावर.”

“मामा, खेळ नाय हा. देवाचं काम हाय.”

“हे सूत तिनं कातलंय. तिच्या मांडीवर कातलंय, थैली शेजारी असताना. सूत देवाला चालतं, तर ती का नाय?”

मेव्हण्याकडनं ताट कलायला लागलं. ताटातला भंडारा सांडत होता, त्यांच्याच पांढऱ्या कपड्यांवर. एक म्हातारा कडनं म्हणला, “आरं देव कोपंल, टाक की घोंगडी!”

“कोपू दे. देवानं बाणाईच्या वाड्यात लेंड्या झाडल्या. तवा त्याचे हात कोणी हुंगले होते?”

अन् तिथंच मी हाक मारली. येळकोट. मोठ्यांदा. वाघर उघडताना मारायचो तशी. न धुतल्या हातांनी, घोंगडी छातीशी धरून. घुमटात घुमली. हाक कुठं गेली नव्हती. माझी वाट बघत होती.

कोणी जय मल्हार म्हणलं नाय. एरवी हाक दिली की गाव झेलतो. त्या दिवशी कोणी झेलली नाय. फक्त बाहेरनं, चपलांतनं, एक बारीक आवाज आला. “जय मल्हार.” तिचा.

शेवटी अण्णानं एका हातानं गळ्यातलं रेशमी उपरणं ओढलं, खाली फेकलं, अन् तळी त्याच्यावर टेकवली. देव कोपला नाय. काय झालं नाय. रेशमावर तळी टेकली अन् आमच्या आज्याच्या आधीचा मान एका फडक्यात संपला.

मग अण्णाचा मध बी संपला. “निघा आता. परत ह्या पायऱ्या चढू नका.”

मी बाहेर आलो. ते बूट, त्या वरडणाऱ्या पाहुण्याच्याच डायव्हरनं गाडीत नेऊन ठेवले होते. सापडले तवा तो पाहुणा तिच्यासमोरनंच गेला. सरळ गाडीत जाऊन बसला. मी चपला पायानं सारल्या, लिंबाखाली घोंगडी अंथरली, तिला पोत्यावरनं उचलून तिच्यावर बसवली. म्हणलं, आपण दोघंच तळी उचलू. ती म्हणली, “दोघांची तळी नसते. तिसरा लागतो.”

मी उभा राहून बघितलं. ओळखीची तोंडं होती. ज्यांच्या लग्नात मी नाचलो ती. ज्यांची चुकलेली जितराबं मी रानातनं हुडकून आणली ती. कोणी आलं नाय.

तळी उचलली नाय. तिला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतली अन् घरी आणली. घराजवळ आल्यावर म्हणली, “पाय दुखले असतील.” मी म्हणलं, “कोणाचे?” ती म्हणली, “माझे तर दुखत नायत, म्हणजे तुमचेच.”

पोरगं घरी आलं ते पडल्या तोंडानं. त्याला कामावर लावणारा ठेकेदार अण्णाच्या नात्यातला हाय. “बा, माफी मागा. मला निरोप आलाय.”

“मी मागत नाय.”

“माझं काम गेलं तर?”

मी त्याला म्हणलं, “तुझ्या आईला विचार.” तो तिच्याकडं वळला. ती म्हणली, “तुझ्या बापानं माफी मागितली, तर मी ह्यांच्या हातनं पाणी पिणार नाय.” पोरगं उठून बाहेर गेलं. अजून घरात धड बोलत नाय. त्याचं काम हाय अजून. उद्याचं माहीत नाय. ह्याची टोचणी मला हाय, नाय असं नाय. पण माफी नाय.

परवा अण्णाचा निरोप आला. जत्रा जवळ आलीय. रेशमावर तळी ठेवली तर गावातली जुनी माणसं कुरकुर करतेत. निरोप असा, “घोंगडी पाठवून द्या. मान तुमच्याच नावानं पुकारू. मामींना खुर्चीवर खाली बसवू, चांगल्या जागी, चपलांपासनं लांब. तुम्ही दोघं वर येऊ नका.”

निरोप्या च्या पीत होता. मी म्हणलं, “कप ठेव अन् ऐक. त्याला हेच शब्द सांग. घोंगडी अन् ती, दोन्ही एकाच पाठीवर येतील. ती आत गेली तर घोंगडी आत. ती बाहेर, तर घोंगडी बाहेर.”

“अन् त्यांनी अडवलं तर मामा?”

“तर पायरीवर उभा राहीन. मागच्या वर्षी तिसऱ्या पायरीवरनं उतरलो, ते तिच्या सांगण्यावरनं. औंदा तिला आधीच सांगितलंय, पाठीवर बसल्यावर मला उतरवा म्हणायचं नाय.”

ती खाटंवरनं म्हणली, “नाय म्हणणार.” चाती थांबवली नाय.

आता मी रोज पहाटं हाक मारतो. थैली हातात असतानाच. हात धुवायच्या आधी. शेजारी उठतेत, शिव्या देतेत. देऊ द्या. मला शांती मिळाली असं कोणी समजू नये. मला शांती नकोय. मला त्या पाच पायऱ्या पाहिजेत. मी रोज तिला पाठीवर घेऊन गल्लीतनं चकरा मारतोय, गुडघे टिकायला पाहिजेत म्हणून. पारावरचे गडी हसतेत. हसू द्या.

ती देवाला काय विचारणार हाय, ते तिनं मला अजून सांगितलं नाय. मी बी विचारत नाय. ते त्या दोघांचं हाय. माझं काम तिला त्याच्या तोंडासमोर नेऊन ठेवायचं. पाचव्या पायरीच्या पुढं, संगमरवरावर, थैलीसकट.

मी टाकणार नाय तिला. अन् ह्या खेपंला उतरवणार बी नाय.